काढलेले पाटे

असोद्याच्या स्टँडवर अभिमनच्या गाडीत जागा आहे का, असं कोणी विचारत नसे. जागा असायचीच. पुढे ड्रायव्हरच्या मांडीला मांडी लावून दोघं-तिघं, मधे मावतील तेवढे, मागे समोरासमोर गुडघे अडकवून आणखी तेवढेच, आणि दाराला लोंबकळणारे वेगळे. एवढं होऊनही एखादी म्हातारी पिशवी सांभाळत धावत आली की अभिमन खिडकीतून मान बाहेर काढून म्हणायचा, "या अक्का, अजून एक बसेल." आणि ती बसायची. कशी बसायची ते तिलाच माहीत, पण जळगाव येईपर्यंत सगळे शिजलेल्या भातासारखे एकजीव झालेले असायचे.

एवढं ओझं गाडी पेलायची ती पाट्यांच्या जोरावर. ज्यानं कधी गाडीखाली वाकून पाहिलं नाही त्याला सांगतो. मागच्या चाकांच्या वर लोखंडाच्या वाकवलेल्या पट्ट्या एकीवर एक बांधलेल्या असतात, कमानीसारख्या. त्यांना म्हणायचं पाटे. कंपनी हिशेबानं पाटे देते, पण कंपनीचं ऐकून आपल्या खान्देशात धंदा कोणी केलाय? नवी गाडी आली की नारळ फोडायचा, लिंबू-मिरची बांधायची आणि तडक पाटेवाल्याकडे नेऊन जाड जाड जास्तीचे पाटे चढवून घ्यायचे. मग माणसं भरा, केळीचे घड भरा, गाडी वाकायचं नाव घेत नाही. अभिमनची ती जुनी चौकोनी तोंडाची गाडी तशीच होती. भरलेली असली की शहाण्यासारखी चालायची आणि रिकामी असली की लाथा झाडायची. पण रिकामी ती चालायची कधी? म्हणून कोणाच्या लक्षात आलं नाही, आणि अभिमनच्या तर मुळीच नाही.

त्याची खरी कमाई आखाजीला. आपल्याकडे आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, हा सासुरवाशिणीचा सण. दिवाळीला नाही गेली तर एक वेळ चालेल, आखाजीला लेक माहेरी गेलीच पाहिजे. निंबाला झोके बांधलेले, घरात सांजोऱ्या, आमरस, अंगणात गौराईची गाणी. त्या आठवड्यात अभिमन धुळ्यापर्यंत फेऱ्या मारायचा. एरंडोल, पारोळा, आतली खेडी. कोणाची लेक फाट्यावर उभी दिसली की घेतलीच. साऱ्या मुलखाच्या लेकी त्यानं माहेरी पोचवल्या, आणि त्याची स्वतःची बायको, भिकुबाई, दरवर्षी एसटीच्या फलाटावर पिशवी घेऊन उभी.

गावात यावर चेष्टा चालायची. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच, असं शेजारची प्रमिलाबाई त्याच्या तोंडावर म्हणायची. अभिमन हसायचा. "पुढच्या वर्षी नेतो तिले," म्हणायचा. भिकुबाईही हसायची. तिचं माहेर धुळ्याच्या अलीकडे, पांझरेच्या बाजूला, हायवे सोडून आत. पिंपरखेडं त्याचं नाव. लग्न होऊन जन्म गेला असोद्यात, पण बाईच्या जिभेवरची अहिराणी काही हलली नाही. इतकी वर्षं तिनं पुढच्या वर्षाची वाट पाहिली आणि एकदाही तोंड वाकडं केलं नाही. आता वाटतं, करायला हवं होतं.

मागच्या थंडीत ती अंगणात बादली उचलायला वाकली आणि तशीच खाली बसली. जळगावच्या डॉक्टरांनी फोटो काढले, सुया टोचल्या, आणि अभिमनला बाजूला घेऊन सांगितलं की दुखणं मणक्यांत उतरलंय, हाडं पार ठिसूळ झालीत. औषधानं कळ कमी राहील, बाकी फार आशा धरू नका. आणि एक सांभाळा, झटका बसू देऊ नका. एखाद्या झटक्यानंसुद्धा मणका खचेल.

त्या दिवशी तिला घरी आणायला गाडी अर्थातच घरची. जळगाव ते असोदा, रस्ता तो केवढा. अभिमननं मधल्या सीटवर दोन गाद्या टाकल्या, तिला बसवलं आणि बैलगाडीच्या चालीनं निघाला. घरी पोचून दार उघडलं तर भिकुबाईनं पदराचा बोळा दातांत धरलेला होता. डोळ्यांतून पाणी चाललेलं. बोळा काढून ती म्हणाली की रस्ता खराब शे, तुम्ही काय करणार. पण रस्ता नवा केलेला होता. कालपरवाच डांबर पडलं होतं. ते अभिमनला माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी तो गाडी घेऊन जळगावला रतिलालकडे गेला. रतिलाल पाट्यांचं काम करणारा मिस्तरी, अभिमनचा जुना दोस्त, आणि जास्तीचे पाटे त्यानंच चढवलेले. अभिमननं किल्ली त्याच्या हातात दिली. "तू चालव," म्हणाला, "मी मागे बसतो."

इतक्या वर्षांत अभिमन स्वतःच्या गाडीत मागे कधी बसला नव्हता. बसला, बरोबर भिकुबाई बसली होती तिथं. रतिलालनं गाडी काढली. पहिला गतिरोधक आला तेव्हा अभिमनचं डोकं छताला लागलं. दुसऱ्याला कंबरेतून कळ आली. बारीक खड्डासुद्धा खालून कोणी मुसळ मारावं तसा लागत होता. पुढे ड्रायव्हरच्या सीटवर यातलं काही कळत नाही हो, पुढचा माणूस स्टिअरिंग धरून राजा असतो. फेरी संपली तेव्हा अभिमन उतरला नाही, तसाच बसून राहिला.

"रतिलाल," तो म्हणाला, "मी लोकांले हे देत होतो इतकी वर्षं?"

"लोक भरलेले राहत, नाना. भरलेल्या गाडीत नाही लागत. रिकामी आपटते."

"मग आता ती एकटी बसणार. तिले लागता कामा नये. काय करायचं ते कर."

रतिलालनं मन लावून काम केलं. जास्तीचे पाटे काढले. वरून कंपनीचाही एक काढला, पातळ ठेवले तेवढे ठेवले. सुकून दगड झालेली रबरं फेकली, नवी घातली. शॉकअप तर केव्हाच मेलेले होते, त्यांच्या जागी नवे बसवले. टायर बदलले, हवा थोडी कमी ठेवली. मधल्या सीटचं तुटकं स्प्रिंग काढून जाड फोम भरून घेतला. काम होईपर्यंत अभिमन तिथं उकिडवा बसून राहायचा, लग्नघरात वधूपित्यानं बसावं तसा.

किल्ली देताना रतिलालनं त्याला गाडीखाली वाकवलं आणि दाखवलं. "हे पाहा नाना. आता ही गाडी मऊ झाली, पण तिची ताकद गेली. एक्सल वर यायले एवढीच जागा. तुम्ही, वहिनी आणि सोबतीले एखादी बाई. त्याच्यावर माणूस घेऊ नका. ओझं झालं आणि खड्डा लागला की खाली बसेल, लोखंडावर लोखंड आपटेल. मग तो झटका पहिल्यापेक्षा वाईट."

"मले काय अक्कल नाही का," अभिमन म्हणाला. काढलेले पाटे त्यानं घरी नेऊन गोठ्याच्या भिंतीला टेकवून ठेवले.

त्यानंतर काही दिवस गावाला करमणूक झाली. अभिमननं तांब्या काठोकाठ भरून मधल्या सीटवर ठेवायचा, फळीनं टेकू द्यायचा, भादलीच्या रस्त्यानं जाऊन यायचं आणि परत आल्यावर किती सांडलं ते भिकुबाईला आणून दाखवायचं. पहिल्यांदा अर्धा सांडला. मग त्यानं वेग कमी केला, हवा अजून थोडी काढली, खड्डे पाठ केले. एका सकाळी तांब्या भरलेलाच परत आला. तो तिच्या खाटेपाशी धरून उभा राहिला. तिला दाखवायला वाकला आणि तिथंच पाणी सांडलं.

भिकुबाई हसली. हसल्यावर दुखायचं, तरी हसली. "मी काय तांब्या शे का?"

"आखाजीले नेतो तुले," अभिमन म्हणाला. "मी नेतो. माझ्या गाडीत."

प्रेमराजचा, म्हणजे तिच्या भावाचा, फोन आला. तो म्हणत होता, रीतीप्रमाणे घ्यायला मी येतो, पण ताईला त्रास होईल तर अँब्युलन्स करू. भिकुबाईनं फोन कानाला लावून घेतला आणि भावाला झापलं. "माहेरले कोनी अँब्युलन्समा जास का? तू नको येऊ. यंदा ह्या माले पोचाडतीन." आणि हे बोलताना तिनं नवऱ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की अभिमनला गोठ्यात काहीतरी काम आठवलं. गोठा रिकामा होता, गुरं केव्हाच विकलेली.

आखाजीच्या आदल्या दिवशी ऊन चढायच्या आत ते निघाले. भिकुबाई हिरवं लुगडं नेसलेली, पाठीला उशा, सोबत प्रमिलाबाई. गाडी अशी चालली की काय सांगावं. जळगाव गेलं, पाळधी गेली, आणि आरशात भिकुबाईचा चेहरा जसाच्या तसा. कुठं आठी नाही. ती खिडकीतून बाहेर बघत होती, कपाशीची रिकामी शेतं, केळीच्या बागा, रस्त्याकडेचे रसवंतीवाले. प्रमिलाबाई म्हणाली, "नाना, गाडी आहे का पाळणा." अभिमनची छाती फुगली. फुगू नये असं थोडंच आहे.

एरंडोलच्या फाट्यावर पोरी उभ्या होत्या. नेहमीच्याच जागी, कडुनिंबाच्या फाटक्या सावलीत, पिशव्या पायांशी, काहींच्या कडेवर लेकरं. एसट्या भरून जात होत्या, थांबत नव्हत्या. अभिमनला बघून त्यांनी हात केले. दरवर्षीची गाडी, ओळखणारच. त्यानं मान दुसरीकडे वळवली आणि गाडी पुढे काढली.

"थांबा," मागून भिकुबाई म्हणाली. "ती आमनी सारिका शे."

सारिका पिंपरखेड्याची लेक, प्रेमराजच्या भावकीतली, एरंडोलला दिलेली. ती धावत आली. "फुई," तिनं खिडकीतून हात घालून भिकुबाईचा हात धरला. तिकडे आत्याला फुई म्हणतात. कडेवरचं पोर उन्हानं लाल झालेलं. अभिमन म्हणाला की आज गाडीत जागा नाही. हे वाक्य त्याच्या तोंडून जन्मात पहिल्यांदा निघालं असेल, आणि गाडी तर समोर सगळी रिकामी. सारिकानं खिडकीतला हात काढून घेतला. भिकुबाईनं नवऱ्याकडे पाहिलं.

"ती बिचारी उनमा उभी शे. बसाडी ल्या."

"रतिलालनं सांगितलंय."

"रतिलालनी बायको कधी फाट्यावर उभी ऱ्हायनी का?"

फाट्यावर कोण उभं राहिलं होतं ते दोघांनाही माहीत होतं. अभिमननं दार उघडलं. सारिका बसली. तिच्या मागे तिच्या ओळखीची दुसरी आली, तिलाही त्याच बाजूला जायचं होतं. मग तिची जाऊ. भिकुबाई प्रत्येकीला नाव-गाव विचारत होती, कोणाची गं तू, तुझी आई माझ्या बरोबरीची. इतक्या महिन्यांत ती एवढं बोलली नव्हती. पुढे पारोळ्याला आणखी दोघी हात करताना दिसल्या, सोबत एक म्हातारी, डोक्यावर गव्हाचं गाठोडं. आणि इथं भिकुबाई काही बोललीच नव्हती. अभिमननंच ब्रेक दाबला, खिडकीतून मान बाहेर काढली आणि म्हणाला, "या अक्का, अजून एक बसेल."

सवय हो. माणसाची सवय त्याच्या आधी बोलते.

आणि गंमत अशी की भरल्यावर गाडी आणखीच मऊ चालायला लागली. हायवे गुळगुळीत, गाडी नावेसारखी डुलत होती. पोरींनी आखाजीची गाणी धरली. आरशात अभिमनला दिसलं, भिकुबाईनं सारिकाच्या खांद्यावर डोकं टेकलंय, डोळे मिटलेत आणि ओठ गाण्याबरोबर हलताहेत. त्याच्या मनात आलं, रतिलालला सगळंच कळतं असं नाही. हे आधीच करायला हवं होतं, फार आधी, ती धडधाकट होती तेव्हा. त्याचे डोळे भरून आले, म्हणून त्यानं वेग आणखी कमी केला.

हायवे सोडून गाडी पिंपरखेड्याच्या रस्त्याला लागली. लांबून माहेरचा निंब दिसत होता. कोणीतरी म्हणालं, झोका बांधलाय बघ. गावाच्या जरा अलीकडे पाण्याच्या पाइपासाठी रस्ता आडवा खोदून मातीनं बुजवलेला होता, माती दबून तिथं एक पन्हळ पडली होती. फार खोल नव्हती. अभिमननं ती पाहिली, गिअर उतरवला, अगदी हळू चाक घातलं. पुढची चाकं अलगद गेली. मागची उतरली, आणि खालून ठण्ण असा आवाज आला. लोखंडावर लोखंड. पोरी उडाल्या, एकमेकींवर पडल्या आणि खिदळल्या. लेकराला मजा वाटली.

"नाना, गाडी थांबाडा," सारिका म्हणाली. "फुई बोलत नही."

भिकुबाई बसल्या जागी होती. ओरडली नव्हती. तोंड उघडं, रंग मातीसारखा, आणि दोन्ही हातांनी आपल्या मांड्या चाचपत होती, जणू त्या कुठे गेल्या ते शोधत होती. अभिमन खाली उतरून तिच्यापाशी आला. तिनं त्याच्याकडे पाहिलं आणि पापण्या मिटल्या. पोरी न सांगता उतरल्या. पिशव्या, गाठोडं, लेकरं घेऊन रस्त्याच्या कडेला उभ्या राहिल्या. अभिमननं गाडी वळवून धुळ्याकडे घेतली. निंबाखाली प्रेमराज खुर्ची मांडून उभा होता, त्याला ती गाडी वळताना दिसली. का वळली ते त्याला पोरी चालत पोचल्यावर कळलं.

धुळ्याच्या दवाखान्यात सांगितलं की मणका खचलाय, कंबरेखालचं आता गेलं. आखाजीच्या दिवशी प्रेमराज डबा घेऊन आला, आमरस, सांजोऱ्या. भिकुबाईनं बोटाला लावून चाखलं आणि ठेवून दिलं. मग अभिमनला जवळ बोलावलं. त्यानं कान तिच्या तोंडाशी नेला. आता ती बोलेल, असं त्याला वाटलं. जे बोलायचं ते बोलून टाकेल.

"बठ्ठ्या पोरी पोचन्यात का?"

"पोचल्या," अभिमन म्हणाला.

तिनं मान हलवली आणि तोंड भिंतीकडे केलं. त्यानंतरही ती काही दिवस होती, पण त्या झटक्याबद्दल एक अक्षर बोलली नाही. धुळ्याहून तिला अँब्युलन्समधूनच आणावं लागलं, आणि तेव्हा नको म्हणायला ती उरली नव्हती.

दिवसकार्य झालं. दुसऱ्या दिवशी अभिमन पुन्हा रतिलालच्या दारात उभा. रतिलालला वाटलं, पाटे परत चढवायला आला असेल. पण पाटे आणले नव्हते. गाडीत वाळूच्या गोण्या भरलेल्या होत्या, मागे, मधे, पायाखाली. फक्त मधल्या सीटची खिडकीकडची जागा रिकामी.

"चल," अभिमन म्हणाला. "तू चालव."

कुठे ते रतिलालला विचारावं लागलं नाही. पिंपरखेड्याच्या रस्त्याला ती पन्हळ तशीच होती, अजून कोणी बुजवली नव्हती. रतिलालनं गाडी आधीच थांबवली. "नाना, कायले?"

"त्या दिवशी घातली तशीच घाल. हळू."

रतिलालनं घातली. मागची चाकं उतरली, ठण्ण वाजलं. अभिमन बसल्या जागी थोडा हलला, एवढंच. पाठीला काही नाही, मानेला काही नाही. बसमध्ये रोज याच्या दसपट धक्के बसतात. तो वाट बघत राहिला की अजून काही लागेल.

"इतकंच?" तो म्हणाला. आणि मग, "परत घे."

रतिलालनं परत घेतली. पुन्हा तेच, एक धक्का आणि काही नाही. तिसऱ्या वेळेला रतिलालनं पन्हळीच्या अलीकडेच गाडी बंद केली आणि किल्ली काढून घेतली. मागे वळून पाहिलं नाही. समोर निंब दिसत होता, आखाजी सरली तरी झोक्याचा दोर कोणी सोडला नव्हता.

"शिवी तरी द्यायची होती तिनं," अभिमन म्हणाला. "पोरी पोचल्या का, एवढंच विचारलं रे. मले काहीच नाही विचारलं."

रतिलालनं दार उघडलं, गाडीच्या मागे गेला आणि वाळूची एकेक गोणी उतरवून रस्त्याच्या कडेला ठेवायला लागला. अभिमन तिच्या जागेवर बसून होता. गोण्या कमी होत गेल्या तशी गाडी त्याच्याखाली हळूहळू वर उचलली जात होती.